कोयत्याचं तेलपाणी

सासूबाई कोकणातलं घर बंद करून ऐरोलीला आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत दोन ट्रंका आणि गोणपाटात गुंडाळलेला एक कोयता होता. "हा कशाला आणलात?" मी विचारलं. "असू दे," म्हणाल्या. पुढची सहा वर्षं त्या माझ्याशी साधारण तेवढंच बोलल्या. भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या.

मग तळमजल्यावर एक बाई राहायला आली. खाडीकाठच्या गावातली, माझ्याच वयाची, खणखणीत आवाजाची. इमारतीमागे भिंतीलगत मोकळी पट्टी होती. सोसायटीला विचारून तिने तिथे भेंडी, वाल, अळू लावलं. दुसऱ्याच आठवड्यात सासूबाई कोयता घेऊन खाली गेल्या, त्या अंधार पडायला लागल्यावर वर आल्या. नंतर ते रोजचंच झालं. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत उभी राहायचे. ज्या बाईच्या तोंडून चार शब्द निघावेत म्हणून मी सहा वर्षं धडपडले, ती खाली हातवारे करून गोष्टी सांगत होती. हसताना सासूबाईंचा पदर घसरायचा. माझ्या घरात तो कधी घसरला नव्हता.

पावसात त्या पट्टीत पोटरीभर पाणी साचतं, म्हणून मे संपता संपता अवजारं आवरून ठेवायची असं दोघींनी ठरवलं. नवऱ्याने रबाळ्याहून कामावरून येताना मशीनचं तेल आणलं. त्याच्या आईने सांगितलं होतं म्हणे. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला राहवेना, मी खाली गेले.

"या ना ताई, बसा," ती म्हणाली. "आजी शिकवते मला. माती पान्यानं नाय धुवायची. सुकली की काथ्यानं घासायची, मग तेल, मग सुती फडकं. प्लास्टिकमदी घातलं की लोखंडाला घाम येतो."

"आमचे बाबा लोहारकाम करायचे, त्यांची रीत," सासूबाई म्हणाल्या. तिला म्हणाल्या, मला नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांचे वडील लोहारकाम करत हे मला त्या दिवशी कळलं, तेही त्या दुसरीशी बोलत असताना.

काम संपल्यावर ती म्हणाली, "आजी, कोयता माज्याकडंच राहू दे. खुरप्यांच्या बाजूला टांगते." सासूबाईंनी मान डोलावली.

"नको," मी म्हटलं. "घरची वस्तू घरात राहील." दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी कोयता उचलला आणि जिना चढले.

वर येऊन मी त्याला लावलेलं तेल साबणाने धुऊन काढलं. नळाखाली धरून, चांगलं खसाखसा. वरवर पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माळ्यावर टाकला. चुकून नाही. मी सगळं ऐकलं होतं.

खंडेनवमीला पूजेसाठी तो काढला, तर पिशवी पात्याला चिकटून बसलेली. सोलली तशी तांबडी खपली निघाली.

"कुणी ठेवला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी. धुऊन ठेवला."

"पाणी लावू नये, ऐकलं होतंस ना?"

"हो."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कोयता उलटासुलटा करत राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढा राग होता, तर मला बोलायचंस गो."

"तुम्ही घरात होतात कुठे?" माझा आवाज चढला. "आणि असलात तरी माझ्याशी बोलता कुठे?"

त्यांनी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं, काथ्या माझ्या हातात दिला आणि शेजारी बसल्या. दुपारपर्यंत आम्ही घासत होतो. गंज निघाला, पण पात्याला खड्डे पडले ते पडलेच. मधेच त्या म्हणाल्या, "मुठीकडून टोकाकडे. उलट नको." जेवणं झाल्यावर धार काढायला त्या कोयता घेऊन तळमजल्यावर गेल्या. मला वाटलं होतं, आज तरी जाणार नाहीत.

पुढच्या मे महिन्यात मात्र दाराशी थांबून म्हणाल्या, "चल, खाली. तुझा पाट घे." मी गेले. फडकी फाडून दिली, दांड्यांना तेल चोळलं. त्या दोघी कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीवर हसत होत्या. मला ती गोष्ट ठाऊक नव्हती, आणि पोटात पूर्वीसारखंच दुखलं.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.