दिगूचा सूर

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण — कारण कसलं, पोटात मावेनासं झालंय, बस्स.

सोनपेठला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दिगू माझा लहानपणापासूनचा दोस्त. काय गळा होता हो त्याचा! लग्नाकार्यात तो गायचा आणि मी विजेवरचा बाजा वाजवायचो — माझ्या हातानं जुळवलेला. त्यात एक सर्किट असं होतं की त्याचा स्वतःचा आवाजच यायचा नाही. ते नुसतं झुलायचं आणि सुराला झुलवायचं. सेकंदाला पाच-सहा हेलकावे ठेवले की सूर गोड थरथरायचा, बायाबापड्या डोळे पुसायच्या. पण तेच अगदी मंद केलं तर? तर थरथर कळतच नाही. सूर हळूच खाली घसरतो, हळूच वर येतो — आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाजा जागेवर आहे, गाणाराच ढळला.

हे एकट्या मला ठाऊक होतं.

नामांतराची वर्षं ती. आज बंद, उद्या कर्फ्यू, कार्यक्रम बुडायचे. अशात औरंगाबादच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक दिगूला ऐकायला येणार असं कळलं. फक्त दिगूला. वाजवणारे त्यांच्याकडे ढीगभर होते. दिगूनं नवा सदरा शिवला. मला म्हणाला, "तू संगतीला अस गड्या, मग मला भ्या न्हाई."

आदल्या दिवशी मी त्या सर्किटात मोठा कंडेन्सर बसवला, म्हणजे हेलकावे अगदी मंद होतात. शिट्टी वाजवत कथलाचा डाग दिला. दिगू औरंगाबादला गेला तर मला कोण विचारणार — एवढंच होतं मनात. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढं दिगू वर गेला की बाजा खाली, खाली आला की बाजा वर. बिचारा सूर शोधतच राहिला. नवा सदरा घामानं भिजला. मालकांनी चहा घेतला आणि गेले.

इथंच थांबलो असतो तरी — पण नाही. संध्याकाळी तो दुकानात आला. "खरं सांग, माझा सूर हलायलाय का? तू खोटं बोलायचा न्हाईस."

एका शब्दानं सगळं सावरलं असतं. मी म्हणालो, "हां दिगू. लय दिसापासून हलायलाय. तुला कसं सांगावं म्हणून गप होतो."

त्यानंतर तो गायला नाही. पोखर्णीला देवळात भजनाला बसायचा, टाळ वाजवायचा, तोंड मिटलेलं. मी शेजारीच असायचो. कितीदा ओठावर आलं — आणि गिळलं.

पुढं त्याची लेक मोठी झाली. एक दिवस तिला घेऊन दुकानात आला. म्हणाला, "तूच ऐक. मला कान न्हाई." पोरगी गायली. तोच गळा, तसाच खणखणीत. मी सांगितलं, सूर पक्का आहे. दिगूच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकाच्या पाया पड," तो तिला म्हणाला.

ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.