अस्वलाचा हात थरथरतो

आमचं अस्वल पडद्यावर राहायचं आणि माझ्या उजव्या हातावर चालायचं. म्हणजे कसं, मी एक काळा हातमोजा घालायची, त्याला वायरी, मनगटावर काडेपेटीएवढा सेन्सर, आणि टेबलावर एक ठोकळा. त्या ठोकळ्याला चुंबकाच्या जोरावर सेन्सर हवेत कुठे आहे ते कळायचं, आणि मी हात वर केला की पडद्यावरचं अस्वल हात वर करायचं. आधी करून ठेवलेलं कार्टून नव्हे हं! समोरच्या पोरांनी काही विचारलं की अस्वल तिथल्या तिथे डोकं खाजवून उत्तर द्यायचं. आवाज एक सहकारी काढायचा. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं, कोरमंगलातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, आणि तो सगळा प्रोग्रॅम लिहिणारी मी. हात माझा, कोडही माझं. काही बिघडलं की बोंब माझ्याच नावाने.

एका दुपारी तालमीत अस्वलाचा हात थरथरला. नमस्काराला उचललेला पंजा बारीक बारीक हलत राहिला, थांबेचना. व्हाइटफील्डच्या मोठ्या प्रयोगाला थोडेच दिवस उरले होते. ऑफिसातले आमचे सर म्हणाले, अस्वलाला हिव भरलंय, कुणीतरी स्वेटर विणा. सगळे खो खो हसले. मीही हसले, पण तोंडदेखलं.

कारण ती थरथर माझ्या ओळखीची होती. माझे बाबा बेळगावात चित्रकलेचे मास्तर. फळ्यावर खडूने एका झटक्यात असं वर्तुळ काढायचे की पोरं मागून कंपास लावून ताडून बघायची. मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांवर घासायला लागला. मग मनगट, मग सगळा हात. चहाचा कप अर्धाच भरायचा आणि दोन्ही हातांनी ओठांपर्यंत न्यायचा. मी डॉक्टरांना एकटीला गाठून विचारलं होतं, हे बापाकडून मुलांना येतं का. ते म्हणाले, सहसा नाही, पण खात्रीने सांगता येत नाही. त्यातलं माझ्या डोक्यात काय राहिलं ते सांगायलाच नको.

शहाण्या माणसाने तो मोजा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात चढवून बघितला असता. मी नाही बघितला. दुसऱ्याच्या हातात अस्वल शांत राहिलं असतं तर? मग थरथर माझीच, विषयच संपला. मोजा माझ्या मापाचा आहे, सगळी जुळणी बिघडेल, असं म्हणून मी कुणाला हात लावू देईना. खोलीवर एकदा आरशासमोर हात पुढे धरला, तर भीतीने तो खरंच हलला. त्यानंतर मी हाताकडे बघणंच सोडलं. तसंही आमच्या कामात हाताकडे बघायचं नसतंच. नजर पडद्यावर ठेवायची आणि हात विसरायचा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलेलं.

मग मी प्रोग्रॅममध्ये एक इस्त्री घातली. आम्ही तिला इस्त्रीच म्हणायचो. हाताची आत्ताची जागा आणि त्याआधीच्या काही जागा यांची सरासरी काढायची आणि ती अस्वलाला द्यायची. थरथर गेली, पण अस्वल मागे पडायला लागलं. पोरगं टाळीसाठी हात पुढे करायचं आणि अस्वलाचा पंजा त्याने हात मागे घेतल्यावर यायचा. सर वैतागले, त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, स्वल्प लवकर हलव बाई त्याला. इस्त्री कमी केली की थरथर, वाढवली की उशीर. सगळ्यांना वाटायचं, पोरगी प्रयोगाला घाबरलीय. प्रयोग गेला खड्ड्यात! मी चाळिशीत अर्धा कप धरून बसलेली मलाच दिसत होते.

त्याच सुमारास बाबा बेळगावहून इथल्या एका डॉक्टरांना दाखवायला आले. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं तेव्हा मी त्यांना वर नेलं आणि अस्वल हलवून दाखवलं. बाबा लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, एवढं उशिरा का हलतंय हे? मी म्हटलं, मशीनमध्ये जरा थरथर येते, ती काढायला एक युक्ती केलीय.

त्यांनी नजर पडद्यावरून माझ्याकडे वळवली.

"ती युक्ती बंद कर," ते म्हणाले. "आणि हात धर पुढे."

मला नाही म्हणायचं होतं. पण त्यांच्यापुढे मी अजून चौथीतलीच होते. मी इस्त्री बंद केली आणि हात पुढे धरला. पडद्यावर अस्वलाचा पंजा लटलटायला लागला. माझे डोळे भरून आले, पडदा दिसेना.

बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी वाकून माझ्या हाताजवळ तोंड नेलं, एखादं चित्र तपासावं तसं.

"अगं, हात तर हलत नाही तुझा," ते म्हणाले. "बघ की जरा खाली."

मी बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. मोज्यातला हात जागच्या जागी होता आणि तिकडे अस्वल कापत होतं. मग टेबलाकडे लक्ष गेलं. प्रयोगासाठी आणलेला नवा मोठा मॉनिटर कुणीतरी ठोकळ्याला अगदी चिकटवून ठेवला होता. त्याच्यातलं चुंबक ठोकळ्याला चकवत होतं. मी ठोकळा ओढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. अस्वल शांत झालं. मी मात्र खुर्चीत बसून हुंदके देत होते, आणि स्वतःला काय काय शिव्या घालत होते ते इथे लिहिता येणार नाही. बाबांनी त्यांच्या हलत्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं.

माझं रडणं ओसरल्यावर ते म्हणाले, "आता ती युक्ती परत चालू कर. माझ्यासाठी."

मोजा त्यांच्या हातात शिरेना, म्हणून सेन्सर तेवढा मनगटाला बांधला. इस्त्री पार वर नेली. बाबांनी हात उचलला. तो नेहमीसारखाच हलत होता, वायर टेबलावर टकटक आपटत होती. त्यांनी हवेत सावकाश एक वर्तुळ काढलं. त्यांच्या मागून, जरा उशिराने, अस्वलाने तेच वर्तुळ काढलं, फळ्यावरच्यासारखं गोल. बाबा त्याची वाट बघत थांबले आणि मग दुसरं काढलं, मग तिसरं. खालून लोक जेवून परत आल्याचा आवाज यायला लागला तरी ते थांबले नाहीत. त्या सगळ्या वेळात त्यांनी स्वतःच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही.