तिसरा आग्रह

चहा घेणार का, असं कुणी विचारलं की वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणते. नातेवाइकांत मला हावरट म्हणतात. म्हणोत बापडे! हे 'हो' मला केवढ्याला पडलं, ते त्यांना कुठे ठाऊक.

वडील संस्थानाच्या कचेरीत होते. घरची शिस्त अशी की पहिल्या वेळी हो म्हणायचं नाही. पहिल्यांदा नुसती मान हलवायची, दुसऱ्यांदा "अहो, कशाला उगाच" म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचं. पहिल्याच वेळी घेतलं तर आई डोळे वटारायची, "एकदम भुक्कडासारखं काय गं? दुनिया काय म्हणेल?" आणि विचारणाराही तीनदा विचारल्याशिवाय हटायचा नाही. इंदूरची मनुहारच ती, आग्रहाची रीत! त्यामुळे उपाशी कुणीच राहायचं नाही.

मला दिलं ते देपालपूरच्या घरात. सासरे तिथे मास्तर, घरात भावंडांची पलटण. भाजीची कढई पंगतीतून एकदाच फिरायची. नको म्हटलं की पुढच्या जेवणापर्यंत हरी हरी करत बसा. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नाही म्हणजे नाही एवढंच कळे. नोकरी सचिवालयात, म्हणून आम्ही इंदुरात खोली घेतली. पहिल्या दिवाळीला ह्यांनी राजवाड्याजवळून निळी महेश्वरी साडी आणली. मी म्हटलं, "उगाच कशाला आणलीत, आहेत की मला." दुसऱ्या दिवशी हे खुशाल ती दुकानात परत करून आले! मी चुलीपाशी बसून रडले आणि हे बाहेर आरामात पेपर वाचत होते. रुसून मी "भूक नाही" म्हणावं, तर ह्यांनी जेवून घ्यावं आणि माझं ताट झाकून ठेवावं. मला वाटे, दगड आहे हा माणूस.

तेव्हा मध्यभारत राज्याच्या राजधान्या दोन. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदुरात. फायलींच्या पेट्यांबरोबर बाबूलोकही जायचे. तिकडे ह्यांना क्वार्टर मिळालं. एका सकाळी दाढी करता करता ह्यांनी विचारलं, "येतेस का ग्वाल्हेरला?" माझी पेटी पलंगाखाली केव्हाची भरलेली होती. आणि मी काय म्हणावं? "मी कशाला? तुम्हाला उगाच अडचण."

"बरं," म्हणाले आणि वस्तरा पुसला. टांग्यात बिस्तरा चढवेपर्यंत मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत दारात उभी होते. मग टांगा गेला.

त्या खोलीत एकटीसाठी चूल पेटवायची म्हटलं तरी जिवावर यायचं. एका भाकरीचं पीठ परातीत घेतलं की रडू कोसळे. पेटी मी उपसली नव्हती, लागेल ती साडी वरून काढायची. शेवटी तीच घेऊन माहेरी आले. उन्हाळ्यात कचेरी परतली, पण हे मित्राकडे उतरले. तिला माझ्याबरोबर राहायचं नाही, मी जबरदस्ती करणार नाही, असा निरोप आला. गल्लीत मी 'टाकलेली' झाले.

वडील रोज सकाळी पगडी घालून ओसरीवर बसत. संस्थान गेलं तेव्हापासून त्यांना काम नव्हतं. एकदा मेथी निवडताना मी ह्यांच्या नावानं बोटं मोडत होते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुझ्या वडिलांनाही नव्या सरकारात बोलावलं होतं. 'आता आमचं वय झालं' म्हणाले. पुन्हा बोलावतील म्हणून अजून पगडी घालतात."

मी ओसरीकडे बघितलं. माझी पेटी आणि ती पगडी, एकाच घरातल्या की! आम्ही बापलेक कुणीतरी पुन्हा विचारेल म्हणून बसून होतो, आणि अजून विचारायचं बाकी आहे याचा बाहेर कुणाला पत्ताच नव्हता. मला रडू नाही आलं, संताप आला. आईचा, वडिलांचा आणि सगळ्यांत जास्त माझा.

कचेरी परत ग्वाल्हेरला निघायच्या आदल्या दिवशी हे खोलीतली माझी भांडी पोचवायला आले. आईनं पोहे विचारले. हे पहिल्या झटक्यात हो म्हणाले आणि बशी संपवून उठले. मी दारात आडवी उभी राहिले. जन्मात कुणाकडे तोंड उघडून काही मागितलं नव्हतं.

"मला घेऊन चला," मी म्हणाले. "पेटी तेव्हाही भरलेली होती."

हे रागावले असते तर बरं झालं असतं. "नको," म्हणाले. "तुला यायचं नाही, हे मनाला पटवताना मला फार जड गेलं. आता पुन्हा ते नको."

मी दुसऱ्यांदा विचारलं. ह्यांनी खाली वाकून चपला घातल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हे गल्लीच्या तोंडाशी पोचले होते, आणि मला पक्कं ठाऊक होतं, ह्यांच्या घरी कढई एकदाच फिरते.