प्रॉम्टरभाऊंची कादंबरी

आमच्या नाटक कंपनीच्या प्रॉम्टरभाऊंना मनातल्या मनात वाचता येत नव्हतं. पेपर असो की औषधाची बाटली, ते अर्धं वाक्य कुजबुजत आणि थांबत. ते वाक्य कुणी मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यांची नजर पुढे सरकायची नाही. वडशाला, आमच्या कंपनीच्या गावी, पडद्याआड बसून नटांना शब्द देण्यात त्यांचा जन्म गेला होता. "एकटा वाचतो तं पात्र अडकल्यावानी वाटते," ते म्हणायचे.

त्यामुळे त्यांच्या ट्रंकेत एक जाडजूड, गाजलेली कादंबरी वर्षानुवर्षं तशीच पडून होती. कंपनीसाठी लिहिणारा प्रत्येक लेखक सांगायचा, "भाऊ, ही वाचाच." भाऊ विचारायचे, "तुमी वाचली काय?" की लेखक तंबाखू मळायला लागायचा.

आज मी सुरतेला साड्यांना टिकल्या लावते. तेव्हा त्या कंपनीत मोलकरीण, शेजारीण, गर्दीतली बाई अशी कामं करायची. शाळा सहावीतच सुटलेली. तालमीत कागद हातात आला की अक्षरं जुळायची नाहीत. भाऊंनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. माझा शब्द तेवढा जरा लवकर द्यायचे. त्यावर माझं पोट चाललं.

मग त्यांचा घसा बसला, तो उठलाच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ काढायला सांगितली. आवाज राहील की नाही, सांगता येत नव्हतं. तोवर कमीत कमी बोलायचं. कंपनीनं त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवला, त्या दुपारी भाऊंनी ट्रंक उघडली.

"बस माह्यासमोर. आपरेशनच्या आधी हे संपवाची हाये."

"डॉक्टरनं बोलू नका म्हटलं ना, भाऊ?"

"म्हणून तं. राहिला तेवढा आवाज हिच्यावर खर्च करतो. चहाच्या टपरीवर काऊन करू?"

"अन् आवाज गेला तं?"

"मंग तू बोलजो. तुह्या आवाजाले काय रोग हाये?"

बाकी सगळ्यांशी त्यांनी बोलणं बंद केलं. चहा खुणेनं, जेवण खुणेनं. दुपारी मात्र पुस्तक मध्ये ठेवून ते अर्धं वाक्य द्यायचे, मी ते मोठ्यानं म्हणायची. घर सोडून गेलेली एक सून होती त्या कादंबरीत. ती परत येते की नाही, यावर आमचा जीव टांगलेला. पण माझा जीव त्यांच्या घशातही अडकलेला असायचा. एकेक पान मीच तिथून ओढून काढते आहे असं वाटायचं. एकदा मी म्हणाले, "भाऊ, आज डोकं दुखून राह्यलं."

"नाटक करू नको," ते म्हणाले. "तुले जमत नाई."

हळूहळू अर्ध्या वाक्याचे दोन शब्द झाले, मग एकच. उरलेलं मी पानावरून उचलायला लागले होते. कधीपासून, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

नागपूरला जायच्या सकाळी शेवटचं प्रकरण उरलं होतं. वडशाच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून आम्ही ते काढलं. भाऊंचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचू लागले. माणसं बघत होती. गाडी लागली.

"बाबा, चला नं! कंडक्टर ओरडून राह्यला!" त्यांची मुलगी म्हणाली.

भाऊंनी हात वर केला. थांब. मी घाईघाईनं वाचू लागले तसा त्यांनी पानावर पंजाच ठेवला. घाईनं नको. थोडी पानं उरली, तसंच पुस्तक माझ्या हातात देऊन ते गाडीत चढले. पुढचं उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशननंतर ते मुलीकडे भद्रावतीला होते, मी तिथं गेले. गळ्याला पट्टी. आवाज गेला होता. मी पुस्तक त्यांच्यापुढे केलं, त्यांनी ते माझ्याच मांडीवर सरकवलं. मी वाचत गेले. एका लांबलचक जोडाक्षरी शब्दावर अडले आणि सवयीनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ते हलले नाहीत. भाऊ नुसते माझ्याकडे बघत राहिले, निवांत, जणू दिवसभर वेळ होता. शब्द फोडत फोडत मी पार गेले. सून परत आली नाही.

"झाली काय बाबा, एकदाची?" मुलीनं आतून विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

"झाली," मी सांगितलं.