कनातीपलीकडची साक्ष

नागावच्या वाळूवर सिनेमाचा तंबू उभा राहिला आणि ख्रिस्ती मंडळीच्या वडीलमंडळाची झोप उडाली. सिनेमा पाहील त्याला प्रभुभोजनाची भाकरी नाही, असा ठराव त्यांनी लगेच केला. पण बायका बसायच्या गोणपाटाच्या कनातीमागे. तिथे मंडळीतली कोण जाते, हे पुरुषांना कळणार कसे? मग वडीलमंडळातल्या दिनानाथांना येसूबाई आठवल्या. विधवा, घरोघर जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्या, शब्दाला पक्क्या. त्यांनी जाऊन बसावे आणि रविवारी नावे सांगावीत. पाप पकडायला जाणाऱ्याला पाप लागत नाही, असा दिनानाथांचा सोयीस्कर समज होता.

येसूबाई गेल्या त्या नाक मुरडूनच. कोळणींच्या घोळक्यात पदर सावरून बसल्या. दिवा मालवला, पडद्यावर मुकी चित्रे हलू लागली, आणि पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस मोठ्याने गोष्ट सांगू लागला. शहरात जाऊन साहेब झालेला मुलगा. दारात आलेली फाटक्या लुगड्यातली आई. पाहुण्यांसमोर तो म्हणतो, ही आमची जुनी मोलकरीण. येसूबाईंचे नाक कधी सरळ झाले, त्यांनाच कळले नाही. प्रभूने दाखले सांगितले ते पेरणाऱ्यांचे आणि जाळी टाकणाऱ्यांचे, देवळातल्या पोथीतले नव्हेत, असे त्यांच्या मनात आले. हा दाखलाच होता. त्यात नटीचे अंग उगाच दाखवले होते, मारामारी फुकाची होती, ते त्यांनी मनातल्या मनात बाजूला काढले. पाखडून उरले ते खरे होते.

शेजारी कोणी हुंदके देत होते. पाहतात तो जनी, मंडळीतल्या सदा सुताराची बायको. सदा दिघीला होडीच्या कामावर गेला होता, म्हणून ती कोळणींबरोबर आली होती. येसूबाईंना पाहून तिचा चेहरा उतरला, पण रडणे थांबेना.

"काकी, माजी आय म्हसळ्याला हाय," ती म्हणाली. "बाप्तिस्मा घेतला तवापासून मी तिचं तोंड बगितलं न्हाय. बाजारात दिसली तवा मान फिरवली. आता जाते नि पाय धरते."

येसूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. जन्मभर दारोदार फिरून कुणाच्या काळजाला शिवणे आपल्या बोलण्याला जमले नव्हते, ते या फडक्यावरच्या चित्रांनी केले होते. त्यांना आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला.

रविवारी उपासनेनंतर वडीलमंडळ बसले. येसूबाईंनी गप्प राहायला हवे होते. कोणी ओळखीचे दिसले नाही, एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण आयुष्यभर साक्ष देण्याची सवय. कुणाचे मन पालटले की ते मंडळीपुढे उभे राहून सांगायचे, हीच त्यांची शिकवण. त्या उभ्या राहिल्या आणि सिनेमाची बाजू मांडू लागल्या. डोळे उघडे ठेवून पाहिले तर त्यातही देव बोलतो, म्हणाल्या. पुरावा काय, असे दिनानाथांनी विचारले. येसूबाईंनी जनीचे नाव घेतले. तिचे रडणे सांगितले. आईचे पाय धरायला ती म्हसळ्याला निघाली आहे, हेही सांगितले.

त्या मेल्यांना तेवढेच हवे होते. सिनेमा पाहिला, हा एक गुन्हा. मूर्तिपूजक आईच्या पायावर डोके ठेवणार, हा दुसरा. पावसाळा सरेपर्यंत जनीला प्रभुभोजन बंद झाले. सदाला दिघीहून बोलावून घेतले आणि बायकोला घरात ठेवण्याची ताकीद दिली. सदाने ती हाताने पाळली. जनीच्या कपाळावरची खोक साऱ्यांनी पाहिली, विचारले कोणी नाही. येसूबाई दिनानाथांच्या दारी रडल्या, भांडल्या, माझीच चूक म्हणाल्या. दिनानाथांनी शांतपणे त्यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली आणि पुढच्या वर्षी तंबू आला की तुम्हीच जा, असे सांगितले.

ऐन पावसात म्हसळ्याची म्हातारी गेली. शेवटपर्यंत लेकीचे नाव घेत होती, असा निरोप आला. जनीला तेव्हाही सोडले नाही.

पाऊस सरला. जनीने मंडळीपुढे क्षमा मागितली, वडीलमंडळाने ती उदार मनाने दिली. त्या रविवारी प्रभुभोजनाला ती मुद्दाम येसूबाईंच्या शेजारी येऊन बसली. भाकरीची थाळी फिरत आली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "काकी, सदानं मारलं त्याचं मला काय वाटत न्हाय. माजं रडणं तुमाला इस्वासानं दिलं व्हतं. तुमी ते ह्यांना वाटलंत."

तिने तुकडा उचलला आणि थाळी पुढे केली. येसूबाईंनीही तुकडा तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना. समोरून दिनानाथ पाहत होते, म्हणून त्यांनी तो गिळला.