यंत्राला कल्ले नसतात

आमची पिठाची गिरण मालवणजवळ, रस्त्याला लागून. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, चला, पीठ तरी आयतं मिळेल. पिठाबरोबर दमाही आयता मिळतो हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचा दमा पावसाळ्यात वाढायचा, दिवाळी झाली की उतरायचा आणि आंब्याला मोहोर आला की पुन्हा डोकं वर काढायचा. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला होता. बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा, असं त्यांनी बजावलं होतं. बजावलं मला. ह्यांना बजावून उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं असावं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. ह्यांच्या मामेभावाने तेव्हा साखळीचा धंदा धरला होता, म्हणजे एकाने दोघांना वस्तू विकायची आणि त्या दोघांनी चौघांना. तो हवा शुद्ध करणारं यंत्र घेऊन आला. ओटीवर काचेची पेटी मांडून त्याने तिच्यात अगरबत्तीचा धूर भरला, आत एक छोटं यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. बघता बघता धूर नाहीसा झाला. शेजारणींनी तोंडाला पदर लावला.

त्या पेटीला झाकण होतं. आमच्या घराला कौलं आहेत, आणि कौलं नि भिंत यांच्यामधून समुद्राचा वारा मालकासारखा ये-जा करतो. मी विचारलं, "ह्यां तपासल्यान कोणी?"

"कंपनीन. कागदार छापलेलां आसा मां," तो म्हणाला. कागदावर पांढरा डगला घातलेला एक माणूस हसत होता.

माझा पारा चढला. बाजारात बांगडा घेताना मी कल्ले उचलून बघते. विकणारी ताजा म्हणते म्हणून कोणी घेत नाही. यंत्राला कल्ले नसतात, मग बघायचं काय? विकणारा नाही नि घेणारा नाही, असं कोणीतरी तिसरं ते उघडून, मोजून, तपासून बघणारं नको? आमच्याच गिरणीतल्या तराजूवर वजनमापवाल्यांचा शिक्का लागतो. 'आमचा तराजू आम्हीच तपासला' अशी पाटी लावली असती, तर गावाने आम्हाला हसून बेजार केलं असतं. हे मी ह्यांना बोलून दाखवलं.

"घरचो माणूस फसवीत काय?" ह्यांचं उत्तर.

तो फसवत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याच्या स्वतःच्या घरात ते यंत्र चालू होतं आणि त्याचा त्यावर देवासारखा विश्वास होता.

यंत्र झोपायच्या खोलीत आलं. निळा दिवा, मंद घुंघुं. थोड्याच दिवसांत हे म्हणू लागले, "माका फरक वाटता. छाती हलकी झाली." आणि पंप बंद केला.

"यंत्र घेतलात, ठीक. पंप कित्याक सोडलात?"

"त्याची एकदा सवय लागली की सुटना नाय," म्हणाले.

फरक मलाही दिसत होता. पण दिवाळीनंतर तो दरवर्षीच पडायचा. यंत्र नसतं तर ह्या वर्षी काय झालं असतं, हे कळायला मी दुसरा नवरा कुठून आणू? तसाच दमेकरी, तशीच गिरण, फक्त यंत्र नसलेला! हसायची गोष्ट आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती. हे बोलायला लागले की मी शब्द ऐकत नसे, शब्दांमधला श्वास ऐकत असे. पंप मी माझ्या कमरेच्या पिशवीत ठेवला होता. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून आधी घरातल्या पंख्याकडे बघायचे. बहुतेक वेळा वीज गेलेली असायची.

मोहोर आला आणि एका दुपारी पट्टा थांबला. मी वर बघितलं. घरातला पंखा फिरत होता.

धावत गेले तर हे तांदळाच्या पोत्यावर वाकून बसलेले, ओठ काळेनिळे. दळपाला आलेल्या बाया सुपाने वारा घालत होत्या आणि सगळं पीठ ह्यांच्याच नाकात जात होतं. मी त्यांच्यावर ओरडले. पंप हलवला, ह्यांच्या तोंडाला लावला. मग रिक्षा, दवाखाना, तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क. डॉक्टर चिडले ते माझ्यावरच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "यंत्राची जाळी भरली आसतली. धुवक व्हयी."

मी मागचं झाकण काढलं. हवा गाळायची जाळी प्लास्टिकच्या पिशवीत होती. कंपनीतून आली तशी, चिकटपट्टीसकट. ती काढायची असते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळा हिवाळा ते यंत्र खोलीतली तीच हवा नुसती घुमवत बसलं होतं. मी पिशवी तशीच ह्यांच्यासमोर धरली.

ह्यांनी चिकटपट्टीवरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "मगे माका बरां कसां वाटलां?"

प्लास्टिक काढलं असतं तर गुण आला असता का? तेही मला माहीत नाही. मला दुसरीच धास्ती लागली. गिरण म्हणजे गावाची चावडी, आणि हे तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या हलक्या छातीचं कौतुक सांगत आले होते. ज्याने विकलं तो चांगलंच म्हणणार आणि ज्याने घेतलं तोही. त्या बोलण्यावर आणखी किती पंप बंद झाले असतील?

ह्यांचं आजारपण मामेभावाच्या कानावर गेलं नव्हतं. चारच दिवसांत तो विजयदुर्गच्या एका बाईला घेऊन गिरणीत आला. तिच्या मुलीला दमा होता. तो तिला म्हणाला, "ह्यो बघा माणूस. दिवसभर पिठात, आणि पंप बंद!"

बाई ह्यांच्याकडे आशेने बघत म्हणाली, "भाऊ, मग मी पण चेडवाचो पंप बंद करू मां?"

मामेभाऊ हसत उभा. नात्यातल्या माणसाला तोंडावर खोटं पाडणं ह्यांना जन्मात जमलं नव्हतं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, पण मी बोलले असते तर ते सासरच्या माणसांवरचा राग ठरलं असतं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

ह्यांनी पट्टा बंद केला. हात झटकले.

"बंद करू नको गो बाय. आणि माझ्या सांगण्यार तर जावच नको. तां यंत्र प्लास्टिकात गुंडाळलेलां होतां, तरी माका बरां वाटत होतां."