फोनवर आखलेलं घर

आबांचं बोलणं गेलं त्याला वर्ष होत आलं. अर्धांगानं उजवी बाजू धरली आणि दवाखान्यातून ते घरी आले ते मुकेच. "त्यांना कळत असेलही, नसेलही," डॉक्टर म्हणाले. त्या 'नसेलही'चा मला फार राग यायचा. ज्या माणसाच्या एका शिट्टीवर मेंढरांचा अख्खा कळप वळायचा, त्याला आपली लेक ओळखू येते का, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी पाटसला नांदते आणि नोकरीला दौंडला जाते. दादा बंगळूरला, आई-आबा वडगाव रासाईला. रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर भेटतो. आई बोलते, आम्ही बोलतो, आबा बघत बसतात.

यंदा दादानं गावचं पत्र्याचं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॉल चालू असतानाच पडद्यावर एक फळा उघडतात. एकानं तो सुरू करायचा, बाकीच्यांनी 'सामील व्हा' दाबायचं, की सगळ्यांची बोटं एकाच फळ्यावर चालतात. म्हटलं, घराचा नकाशा त्याच्यावरच काढू. मोबाइलमधलं सगळं आपल्यालाच कळतं अशी दादाची समजूत आहे, पण फळा उघडला मीच. आईला 'सामील व्हा' दाबायला लावताना मात्र मी मेटाकुटीला आले. तिनं आधी कॉलच कट केला.

परत लावल्यावर म्हणाली, "आगं, हितं तर निस्ता पांढरा कागुद दिसतोय."

"तोच फळा, आई. आता कशालाच हात लावू नको."

दादानं चौकोन आखले. पुढं ओसरी, मग बैठक, सैपाकघर आणि सगळ्यात आत, बाथरूमला लागून, आबांची खोली. खोलीत त्यांची बाजही काढली. इतक्यात त्या बाजेवर जाडजूड काळ्या रेघा फिरायला लागल्या.

"आई, बोट काढ!" दादा ओरडला.

"म्या न्हाई बाबा. त्येंनीच फोन वढून घेतलाय. थुका लावून आंगठा घासत्यात."

दादाचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे. त्यांना नाही समजत आता."

पण रेघा बाजेवरच फिरत होत्या, भिंतीला धक्का नव्हता. पाटी पुसावी तसे ते पुसत होते, आणि फळा बापडा पुसण्याऐवजी गिरवत होता. मी आईला खोडरबराचं चित्र दाबायला सांगितलं. आबांचा डावा अंगठा परत फिरला. रेघा गेल्या, बाजही गेली. मग आईनं पेन दाबून दिला, आणि घराच्या पुढच्या दाराला आडवा एक वाकडातिकडा चौकोन उमटला.

"आबा, दारात? वारं लागंल तुम्हाला," दादा म्हणाला.

मला कळलं. आम्ही लहान असताना मेंढरांमागं रानोमाळ मुक्काम पडायचा. रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण लागायचं आणि जाळीच्या तोंडाशी, वाटेत आडवं, आबांचं अंथरूण. लांडगा येवो नाहीतर चोर, आधी त्यांना ओलांडून यायला हवं. आम्ही पोरं त्यांच्यामागं बिनघोर झोपायचो.

"दादा," मी म्हटलं, "ते राखणीला बसलेत."

दादा चष्मा काढून पुसत बसला.

आबांचं अजून चाललंच होतं. बैठकीत त्यांनी एक चौकोन काढला, त्याच्या शेजारी दुसरा.

"ही माझी झोपायची जागा असंल," दादा म्हणाला. "दुसरी कुणाची, आबा?"

पडद्यावर आबांचा चेहरा इतका जवळ आला की नुसतं कपाळच दिसायला लागलं. मागून आई म्हणाली, "आगं, फोनातल्या तुझ्या तोंडावर बोट ठिवलंय त्येंनी. काढीनात."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माहेरच्या घराच्या नकाशात मला जागा असेल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला रडू आवरेना.

"व्हय आबा," मी म्हटलं, "मीच हाय."

बैठक मोठी व्हावी म्हणून दादानं सैपाकघराची भिंत थोडी मागं सरकवली.